मेनूथचा नाल

पुलाच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवा. गार लागतोय ना? ओलाही असेल. आयर्लंड आहे हे. इथे काही कोरडं सापडलं तर आधी संशय घ्यावा.

ल्यूकनचा हा पूल तुम्ही गाडीतून असंख्य वेळा ओलांडलाय आणि एकदाही नीट पाहिलेला नाही. मुलांना क्लासला सोडायचं असतं, येताना दूध घ्यायचं असतं, पूल कोण बघतो? आता बघा. खाली लिफी नदी. तिच्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एकच दगडी कमान, मध्ये खांब नाही, जवळपास ३३ मीटर. जॉर्ज नोल्स नावाच्या माणसाने १८१४ साली ती उभी केली. एका कमानीत एवढं अंतर ओलांडणारा दगडी पूल आयर्लंडमध्ये दुसरा नाही. कठडा ओतला डब्लिनच्या रॉयल फिनिक्स आयर्नवर्क्सने. म्हणजे तुमचा तळवा आत्ता ज्या बिडावर टेकलाय ते बीड दोनशेहून जास्त वर्षं इथेच पाऊस खात उभं आहे. काळात मागे जायचं तर धरायला असंच काहीतरी लागतं, आज असलेलं आणि तेव्हाही असलेलं. घट्ट धरा.

आधी आवाज जातात. हायवेची घरघर विरते, डोक्यावरचं विमान जातं, खिशातला फोन गप्प होतो. रिकाम्या झालेल्या जागेत नदी घुसते. तिचा बंधाऱ्यावरून कोसळण्याचा आवाज इतका मोठा असतो हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मग नाकाला कळतं. प्रथम धूर, पण लाकडाचा नाही आणि कोळशाचाही नाही. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा इथे चुलीत जळतात, त्यांचा गोडसर, मातकट धूर. त्यात घोड्याची लीद, भिजलेली लोकर आणि मध्येच वाऱ्याच्या झुळकेबरोबर नासलेल्या अंड्यांचा भपकारा. दचकू नका, कोणाचं काही सांडलेलं नाही. ल्यूकनचा गंधकाचा झरा आहे तो. डब्लिनची सुखवस्तू मंडळी खास गाडी करून इथे येतात आणि नाक दाबून हे पाणी पितात. तब्येतीसाठी माणूस काय काय गिळतो!

तुमचं जॅकेट गेलंय. अंगावर खरखरीत लोकरीचा डगला आहे, पावसाने दुप्पट जड झालेला, मेंढीचा वास अजून न सोडलेला. मानेला टोचतो. टोचू दे, इथे सगळ्यांनाच टोचतो. साल विचाराल तर १८३७. कोणाला विचारू मात्र नका, वेड्यात काढतील.

नदीकाठी पिठाची गिरणी चालू आहे, तिच्या दारातून जाताना जरा थांबा. पायाखालची जमीन बारीक थरथरते. पाणचक्कीच्या बिडाच्या चाकाला लाकडाचे दात बसवलेत. कंजूषपणा नाही हा. लाकूड लोखंडावर फिरलं की आवाज कमी होतो, ठिणगी उडत नाही (पिठाच्या धुळीत ठिणगी म्हणजे स्फोटच), आणि काही अडकलंच तर चार आण्याचा दात मोडतो, चाक वाचतं. कोपऱ्यात एक म्हातारा गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसलाय. त्याचे हात बघा. मनगटापासून बोटांपर्यंत निळे-काळे ठिपके. टाकीच्या पोलादाचे कण उडून कातडीखाली रुतलेत, कायमचे. नवीन टाकीवाला काम मागायला आला की गिरणीमालक म्हणे बाह्या वर करायला लावत. दाखला तिथेच लिहिलेला असे.

आता मेनूथचा कोच आला, पळा. आतली जागा महाग, छपरावरची स्वस्त, तुम्ही छपरावर. चार घोडे, बारा-तेरा माणसं, पोत्यांचा ढीग. शेजारचे काका मातीची आखूड चिलीम ओढतायत आणि सगळा धूर तुमच्या तोंडावर सोडतायत. त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. प्रत्येक खड्डा आधी चाकाला, मग फळीला, मग तुमच्या माकडहाडाला कळतो. अनवाणी पोरं गाडीबरोबर धावतात, ओरडतात, मागे पडतात. टोलनाका येतो, आडवा दांडा, पैसे द्या, पुढे जा. पश्चिमेकडे जाणाऱ्या या रस्त्यावर टोल भरण्याची परंपरा किती जुनी आहे ते बघून घ्या आणि पुढच्या वेळी कुरकुर जरा कमी करा.

लीक्सलिपला गाडी लिफी ओलांडते. आर्थर गिनेसने डब्लिनला जाण्याआधी बीअर गाळायला सुरुवात केली ती याच गावात. नदीच्या वरच्या अंगाला एक धबधबा आहे, सामन मासे पाण्यातून उसळ्या मारत तो चढतात आणि लोक जेवणाचे डबे घेऊन बघायला येतात. बघायचा असेल तर आत्ताच. १९४०च्या दशकात इथे विजेसाठी धरण बांधलं जाईल आणि धबधबा त्याच्या पाण्याखाली जाईल. गाव मागे पडलं की उजव्या हाताला नुसती कुरणं. गाई रवंथ करतायत. तुमच्यापैकी काही जणांच्या ऑफिसचं पार्किंग इथेच कुठेतरी होणार आहे. धुळीचा एक कण चालत नाही अशा खोल्या, पायापासून डोक्यापर्यंत पांढरे झगे घातलेले इंजिनियर आणि केसाहून हजारो पटींनी बारीक रेघा कोरणारी इंटेलची यंत्रं. तूर्तास गुडघाभर चिखल. डावीकडच्या कालव्यातून एक घोडा दोरीने होडी ओढत चाललाय. तो आपल्याला मागे टाकणार नाही एवढंच समाधान.

दोन्ही बाजूंना बटाट्याचे वाफे. झोपडीच्या दारात एक कुटुंब जेवतंय. मध्ये टोपलीत उकडलेले बटाटे, भोवती सगळे बसलेत, हाताने सोलतायत, मिठात बुडवतायत, वर ताक. बटाटा आणि ताक, दिवसातून तीनदा, वर्षातले बहुतेक दिवस. बाईने तुमच्याकडे बघून हात हलवला. आठ-दहा वर्षांनी या वाफ्यांत काय कुजणार आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि तिला नाही. हात हलवा. दुसरं काय करणार?

मेनूथ. रुंद रस्ता, दोन्हीकडे दगडी घरं, टोकाला पडक्या किल्ल्याचा बुरूज आणि त्याला खेटून कॉलेजचं फाटक. इथे कॅथलिक पाद्री घडवतात. जवळपास चारशे पोरं, सगळी काळ्या झग्यात, शेतकऱ्यांची, दुकानदारांची, कोणी केरीचा, कोणी मेयोचा. इमारत दिसायला भव्य, पण भिंतींना ओल आहे आणि खिडक्यांतून वारा शिट्टी घालतोय. जेवणघरातून उकडलेल्या मटणाचा आणि चरबीच्या मेणबत्त्यांचा एकत्र वास येतो. तुम्ही बाई असाल तर एरवी या फाटकाच्या आत पाऊल टाकता आलं नसतं. कालप्रवाशांना मात्र कोणी अडवत नाही. चला.

प्रयोगशाळा नाकानेच शोधा. आम्लाची वाफ घशात उतरते आणि डोळ्यांत पाणी येतं. आत जस्ताच्या आणि तांब्याच्या पट्ट्या पातळ आम्लात बुडवून ठेवल्या आहेत, त्यांच्यावरून बुडबुडे फसफसत वर येतात. मधोमध जो सदतीस वर्षांचा माणूस बाह्या सारून उभा आहे, ज्याच्या काळ्या झग्यावर आम्लाने भोकं पाडली आहेत, ते फादर निकोलस कॅलन. लाउथ परगण्यातल्या डार्व्हरचे. रोमला शिकायला गेले, तिथे गॅल्व्हानी आणि व्होल्टा यांच्या कामाची ओळख झाली, आणि १८२६ पासून इथे निसर्गविज्ञान शिकवतात. त्यांच्या सहकाऱ्यांना हा नाद वेळेचा अपव्यय वाटतो. पाद्र्याने प्रवचन करावं, तांब्याच्या तारा कसल्या गुंडाळत बसायचं?

पोरांना मात्र या तासाची वाट बघवत नाही, आणि ते का हे तुम्हाला आता कळेल.

समोर लोखंडाचा एक नाल उभा आहे. घोड्याच्या नालाचाच आकार, पण जवळपास माणसाच्या उंचीचा. त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. दोन टोकांवर लोखंडाची एक जाड पट्टी आडवी टेकवली आहे. पट्टीला दोर बांधलाय आणि दोराचं टोक तुमच्या हातात दिलंय. तुमच्या मागे पाच-सहा धिप्पाड पोरं. शेतात वाढलेली आहेत, नांगर उचलतील अशी. कॅलन तार बॅटरीला जोडतात. ओढा!

ओढलंत? काही नाही. पट्टी जागची हलत नाही. पुन्हा, सगळे एकदम, टाचा फरशीत रुतवून. तळहात सोलवटतात, मागच्याचा श्वास तुमच्या मानेवर, कोणाच्या तरी खांद्यातून कट्कन आवाज. पट्टी ढिम्म. दोन चकचकीत टोकं आणि एक लोखंडी पट्टी, मध्ये ना खिळा ना सरस, आणि सात माणसं हरली आहेत. एवढ्यात कॅलन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, तार काढतात.

धडाम. तुम्ही सगळ्यात खाली आहात. वर सहा भावी पाद्री, कोणाचं कोपर तुमच्या बरगडीत, आणि सगळी खोली हसून लोळतेय. हा खेळ ते प्रत्येक नव्या तुकडीवर करतात.

पडल्या पडल्या एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, पुढे लागेल. तार काढली त्याच क्षणी चुंबकत्व गेलं. रेंगाळलं नाही. पोलादाचा नाल असता तर प्रवाह थांबल्यावरही चुंबकत्व थोडं उरलं असतं. हे लोखंड मऊ आहे, लगेच धरतं आणि लगेच सोडतं.

उठा, कपडे झटका. आता छोटं यंत्र. मऊ लोखंडाची दोन फूट लांबीची कांब, तिच्यावर तांब्याच्या तारेचे दोन पदर, प्रत्येक दोनशे फूट लांब. पहिल्या तारेचं तोंड दुसरीच्या तोंडाला जोडलेलं. बॅटरी लावायची ती फक्त पहिलीला. ही जगातली पहिली इंडक्शन कॉइल. कॅलननी ती गेल्या वर्षी, १८३६ मध्ये बनवली.

बॅटरी जोडून ठेवली तर काही होत नाही. गंमत तोडण्यात आहे. नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप कसा धाडकन वाजतो, तसं काहीसं. वाहत्या प्रवाहाला अचानक अडवलं की त्याचा सगळा जोर कुठेतरी निघतो आणि इथे तो दुसऱ्या तारेच्या टोकाशी निघतो, कित्येक पटींनी चढून. म्हणून कॅलननी तोडणारं यंत्र बसवलं. एक तार वरखाली झुलते आणि पाऱ्याच्या वाटीत बुडते, बाहेर येते, बुडते, बाहेर येते. दर वेळी पाऱ्यावर एक निळी टिचकी. जितकं भराभर तोडावं तितकी ठिणगी मोठी, हे लक्षात आल्यावर त्यांनी चक्क घड्याळाची यंत्रणा जोडून सेकंदाला वीस वेळा प्रवाह तोडायची सोय केली. त्या मोठ्या यंत्रातून पंधरा इंच लांब ठिणगी निघते. माणसाने तयार केलेली एवढी वीज तोवर कोणी पाहिली नव्हती. पुढच्या लोकांनी हिशेब करून ती ६०,००० व्होल्ट असावी असं म्हटलं. कॅलनना असा हिशेब करायची सोय नाही. व्होल्ट नावाचं एकक नाही, मीटर नाही. बॅटरी किती जोरकस हे बघायचं तर चुंबकाने किती वजन उचललं ते मोजा. कॉइल किती जोरकस हे बघायचं तर...

हो, बरोबर ओळखलंत. हात पुढे करा.

पोरं गोलाकार उभी राहिली आहेत, एकमेकांचे हात धरून. तुमच्या डावीकडचा तळवा घामाने चिंब, उजवीकडच्याने आधीच डोळे मिटलेत. कॅलननी साधी छोटी बॅटरी घेतली आहे, तेवढाच धीर. मग पाऱ्यावर टिचकी.

जबडा आपोआप मिटतो. दोन्ही कोपरं तुमची परवानगी न घेता पोटाकडे खेचली जातात. जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव. छातीत कोणीतरी आतून बुक्की मारली, आणि हे सगळं कळायच्या आत संपलंसुद्धा. शेजारचा खाली बसलाय. तुम्ही अजून उभे आहात ते केवळ गुडघे आखडल्यामुळे. खांदे पुढचे काही दिवस दुखणार, तशी इथल्या लोकांची तक्रारच आहे. चार्ल्स रसेल नावाच्या एकाला तर कॉलेजच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे तोच या कॉलेजचा अध्यक्ष झाला. आणखी काही वर्षांनी विल्यम वॉल्श नावाचा एक विद्यार्थी बेशुद्ध पडला, तो डब्लिनचा आर्चबिशप झाला. शेवटी वरून समज आली की पोरांवर प्रयोग नकोत, तेव्हा कॅलन पक्ष्यांकडे वळले आणि एका टर्कीचा बळी गेला. आर्चबिशप होण्याची संधी तिला मिळाली नाही.

आता उडी मारून काही वर्षं पुढे या, क्षणभरच. तीच खोली, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत बॅटऱ्या. ५७७ घट एकाला एक जोडलेले, आत तीस गॅलनहून जास्त आम्ल. महागड्या प्लॅटिनमऐवजी कॅलननी साधं बीड वापरलंय. मेनूथ बॅटरी म्हणून ती लंडनमध्ये विकायलाही आली. चुंबकाने उचललेलं वजन दोन टन. बिडाशी झटता झटता लोखंडाला गंज लागू नये म्हणून त्याच्यावर धातूचा लेप चढवायची युक्तीही हाती लागली आणि त्यांनी तिचं पेटंट घेतलं. खोलीत दोन मिनिटं उभं राहून बघा. घसा सोलून निघतो. हा माणूस इथे अडतीस वर्षं रोज उभा राहिला, १८६४ मध्ये मरेपर्यंत.

आणि नाव कोणाचं झालं? पॅरिसमध्ये दुकान थाटलेल्या हाइनरिश रुमकॉर्फचं. ते उत्तम कारागीर होते यात वाद नाही; त्यांच्या कॉइल मजबूत, देखण्या आणि विकत मिळणाऱ्या होत्या. तिसऱ्या नेपोलियनने त्यांना ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या यंत्राला रुमकॉर्फ कॉइलच म्हटलं. १८९५ मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण पाहिले ते अशाच कॉइलच्या जोरावर, मार्कोनीच्या पहिल्या बिनतारी संदेशांची ठिणगी तिच्यातूनच उडाली, आणि पेट्रोलच्या गाडीतला स्पार्क प्लग आजही तिच्या वंशजावर चालतो. खरं तर कॅलननी १८३७ मध्येच आपल्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती लंडनला विल्यम स्टर्जनकडे पाठवली होती आणि स्टर्जननी ती तिथल्या मंडळींना दाखवलीही होती. तरी विसर पडला. धर्मशास्त्राच्या कॉलेजात विज्ञानाची आठवण कोण जपणार? १९३६ साली मेनूथच्याच प्राध्यापक पी. जे. मॅक्लॉक्लिन यांनी जुने कागद आणि लेख चाळून कॅलनचा हक्क सिद्ध केला. शंभर वर्षांनी. आता तिथल्या विद्यापीठात त्यांच्या नावाची इमारत आहे आणि वस्तुसंग्रहालयात त्यांची यंत्रं.

विसरलेला संशोधक सापडला, नाव लागलं, टाळ्या झाल्या. पण मला ते पुरत नाही. ज्या नालाने तुम्हाला फरशीवर आपटलं, तो कॅलननी घडवला नव्हता. त्यांनी कागदावर आकार काढला असेल, मापं दिली असतील. लोखंड वाकवलं गावच्या लोहाराने. जेम्स ब्रायोडी. इतिहासाने त्याच्यासाठी एकच ओळ खर्च केली आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातली खरी बघण्याजोगी जागा तीच. म्हणून काळ पुन्हा मागे ओढू, चुंबक अजून झालेला नाही तिथवर. चला त्याच्या लोहारशाळेत.

वाकून आत या. अंधार आहे, मुद्दाम ठेवलेला. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही आणि रंग कळला नाही तर लोहाराला काहीच कळलं नाही. त्याच्याकडे तापमान मोजायला दुसरं साधन नाही. भात्याचा श्वास ऐका, फूऽऽ स्, फूऽऽ स्. कोपऱ्यात रिकामटेकडे चौघं बसलेत, कारण पाऊस आहे आणि गावात फुकटची ऊब इथेच मिळते. बातम्याही. एक बाई पोराला घेऊन आली आहे. लोहाराच्या कुंडातलं पाणी लावलं की चामखीळ जाते असा इथे पक्का समज आहे. लोहाराशी भांडत मात्र कोणी नाही. त्याने ऐरण फिरवून शाप दिला तर तो लागतो म्हणतात.

आज सगळ्यांची नजर भट्टीवर आहे. माणसाच्या दुप्पट उंचीची जाड घडीव लोखंडाची कांब साखळ्यांनी टांगली आहे. भट्टी लहान, कांब मोठी. सबंध तापवणं शक्यच नाही. हातभर तापवायची, वाकवायची, पुढचा हातभर. दोन्ही बाजू सारख्या उतरायला हव्यात. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही वर्कशॉपमधला मेस्त्री इथे हाताची घडी घालून उभा राहील आणि बघतच राहील.

आधी गडद लाल, मग केशरी. पिवळं होऊ लागलं की ब्रायोडीची मान किंचित तिरकी होते. अजून नाही. अजून नाही. पांढरं पडून फुलबाज्या सुटल्या तर लोखंड जळालं समजा, दिवस फुकट. आता! साखळी ओढली जाते, उष्णतेची भिंत तुमच्या अंगावर येते, भुवया करपल्याचा वास तुमचाच आहे. दोन घणकरी आळीपाळीने, धाड-धाड, धाड-धाड, आणि त्यांच्या मध्ये ब्रायोडीच्या छोट्या हातोडीची टिंग. ती ठोकायला नाही, सांगायला आहे. जिथे टिंग, तिथे पुढचा घण. तोंडाने बोलून भागणार नाही, एवढ्या गदारोळात ऐकू काय येणार? कीट पापुद्रे सुटून उडतंय, एक तुमच्या बुटात गेलं. नाचा, हसू देत.

लोखंड वाकताना आतल्या बाजूला दाटतं आणि बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. ती दाटी घणाने परत पसरवावी लागते, नाहीतर नाल एका अंगाला कलतो. म्हणजे एक ठोका वाकवायचा, दोन सुधारायचे. घणकऱ्यांच्या पाठीवरून घाम नाही, ओहोळ वाहतात. मध्येच ताकाचा मोठा तांब्या फिरतो. तुम्हीही घ्या. आंबट, गार, त्यात कोळशाची किंचित कचकच.

बाहेर एक शेतकरी सकाळपासून घोडी घेऊन ताटकळतोय. तो दारातून डोकावतो, त्या नालाकडे बघतो आणि विचारतो की एवढा नाल ठोकायचा तो घोडा कुठे बांधलाय? चौघं रिकामटेकडे खो खो हसतात. हा विनोद आज सकाळपासून त्यांनीच किमान दहादा केलेला आहे.

आकार आला. आता खरी परीक्षा. पाण्याच्या कुंडाकडे बघू नका, यात पाणी द्यायचं नाही. पाणी दिलं की लोखंड ताठरतं आणि फादरना नको आहे ते नेमकं ताठरपणच. त्यांना मऊ हवंय, तार तोडल्याबरोबर सोडून देणारं. म्हणून पुन्हा लाल करून राखेच्या ढिगात पुरायचं आणि सावकाश निवू द्यायचं. ज्याने आयुष्यभर कोयत्याला धार टिकावी म्हणून पाणी पाजलं, त्याने इथे हात आवरायचाय.

मग कानस. दोन्ही टोकं एका पातळीत यायला हवीत, तीही अशी की आडवी पट्टी टेकवली तर मधून उजेड दिसता कामा नये. कागदाएवढी फट राहिली तरी चुंबकाची ओढ निम्मीशिम्मी होते. पट्टीला काजळी फासायची, टेकवायची, उचलायची; जिथे काळं लागलं तो उंचवटा, तेवढाच घासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा टेकव. खर्र, खर्र. लेथ नाही, ग्राइंडर नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला तेव्हाही असंच. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर सुरुवात केली, आनंदराव १९१६ मध्ये गेले, आणि मग विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं. तिथे परदेशी कॅमेरा बघायला तरी होता. ब्रायोडीने असलं काही आधी पाहिलेलंच नाही. ही वस्तू कशासाठी आहे हेही त्याला कोणी नीट सांगितलं असेल का? आणि सांगितलं तरी वीज म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं?

ब्रायोडी मेणबत्ती पट्टीच्या मागे धरतो, एक डोळा मिटून फटीतून बघतो. उजेड नाही. दुसरं टोक. एक बारीक रेघ दिसते. तो काही बोलत नाही, पुन्हा कानस उचलतो. रिकामटेकड्यांपैकी एक जांभई देतो. आणखी चाळीसेक फेऱ्या, पुन्हा मेणबत्ती.

उजेड नाही.

सहा जण मिळून नाल हातगाडीवर चढवतात, गाडी कुरकुरते, पोरं मागे धावतात. ही वरात थेट कॉलेजच्या फाटकात शिरेल, तिथे त्याच्यावर कित्येक फूट तार चढेल, आणि तुम्ही आपटायचे तसे आपटाल. ब्रायोडी मात्र त्यांच्या मागे गेला नाही. त्याने हात पुसले, तोंडावर पाणी मारलं, आणि दाराबाहेरच्या शेतकऱ्याला मानेने खूण केली. घोडी आत आली, वाफाळणारी, बुजलेली, पाय आपटणारी. त्याने तिचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरलाय आणि खुरावर गरम नाल टेकवलाय. केस जळल्याचा पिवळा धूर तुमच्या नाकात जातो आणि घोडी उसळते. लगाम तुमच्याच हातात दिलाय, लक्षात आहे ना? धरा नीट, दोन्ही हातांनी!